बाळंतपणाला आलेले बाबा

शशिधर खांबेट्यांनी फ्रिजमधली छोटी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, जराशी तिरकी केली आणि त्यांचा चेहरा खुलला. दुधावर चक्क साय धरली होती. नॉटिंगहॅमला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी इथल्या दुधाबद्दल मनातल्या मनात बरंच वाईट बोलून घेतलं होतं. जावई आणायचा ते हिरव्या झाकणाचं, साय काढलेलं. मिरजेच्या सरकारी डेअरीत, लॅबमध्ये बसून एकतीस वर्षं दुधातलं फॅट मोजलेल्या माणसाला ते दूध म्हणजे भांडं विसळलेलं पाणी वाटे. जावयाच्या घरी बोलायचं कसं, म्हणून ते गप्प होते. पुष्कररावांनी न सांगता आपलं दुःख ओळखलं आणि कुठून तरी चांगलं दूध पैदा केलं, असं त्यांनी आता ठरवून टाकलं.

आलं किसून चहा उकळला, बाटलीतलं होतं नव्हतं तेवढं दूध त्यात ओतलं आणि चहा गाळला. रंग काही मनासारखा येईना. दूध कमी पडलं, एवढंच त्यांना वाटलं. कप उचलणार इतक्यात त्यांची मुलगी अक्षया तान्ह्या वरदाला खांद्यावर घेऊन जिना उतरून आली, तिने फ्रिज उघडला आणि दार धरून उभीच राहिली.

"बाबा, इथली छोटी बाटली कुठाय?"

"ती होय? चहात घातली. फार सुरेख दूध होतं गं. कुठनं आणलं पुष्कररावांनी?"

"बाबा, ते माझं होतं. मी पंपनं काढून ठेवलेलं."

खांबेट्यांनी कप जागच्या जागी ठेवून दिला. उभ्या नोकरीत त्यांनी दुधातलं पाणी पकडलं होतं, पावडर पकडली होती, म्हशीच्या कॅनमध्ये ओतलेलं गाईचं दूध नुसत्या वासावर पकडलं होतं. आणि आज हे. त्यांचे कान तापले. बापाने मुलीसमोर ज्या विषयाचं नावही काढू नये, तो विषय कपात वाफाळत होता.

अक्षया ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. काल सकाळपासून चार वेळा पंप लावला तेव्हा एवढं जमलं होतं, दोन औंससुद्धा नाही, आणि आज वजन करायला जॅनेट यायच्या आधी ते वरदाच्या पोटात घालायचं होतं. तेवढ्यात ऑफिसला निघालेला पुष्कर खाली आला. काय झालं ते कळल्यावर त्याने ओठ घट्ट मिटले, बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसू फुटायच्या आत बस गाठायला बाहेर पडला.

खरं म्हणजे या घरात आज सुप्रभाबाई असायला हव्या होत्या. मुलीचं पहिलं बाळंतपण आईने करायचं. पण सुप्रभाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. अक्षयाचा फोन आला तेव्हा खांबेट्यांनी एवढंच सांगितलं, की तिकीट काढा, मी येतो. मग ते शेजारच्या प्रमोदिनीबाईंच्या स्वयंपाकघरात महिनाभर जाऊन बसले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीची सुपारी, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. प्रमोदिनीबाई म्हणायच्या, "मूठभर घ्या." खांबेटे त्यांची मूठ वजनकाट्यावर रिकामी करून घ्यायचे आणि वहीत ग्रॅम लिहायचे. आळीतल्या बायकांना महिनाभर हसायला विषय मिळाला. पण नॉटिंगहॅमला आल्यावर गडी कुठे अडला नाही. तेल लावून नातीला न्हाऊ घालणं, धुरी, शेक, सगळं जमलं. फक्त एका गोष्टीबद्दल मुलीशी बोलणं जमलं नाही, आणि घरात प्रश्न होता तो नेमका त्याच गोष्टीचा.

रोज दोन वाट्या खीर पोटात जाऊनही अक्षयाला दूध पुरेसं येत नव्हतं. वरदा तासभर प्यायची, पंधरा मिनिटं झोपायची आणि पुन्हा रडायची. यावर घरात दोन पक्ष पडले होते. एक पक्ष अक्षयाच्या मैत्रिणीचा, स्वरालीचा. ती कसल्याशा आयांच्या ग्रुपमध्ये जायची आणि दर खेपेला एक लीफलेट देऊन जायची. तिचं म्हणणं, डब्यातल्या पावडरच्या दुधाचा एक थेंबही द्यायचा नाही, एकदा बाटली दिली की संपलं. दुसरा पक्ष नागपूरच्या सासूबाईंचा. त्या फोनवर विचारायच्या, पोर उपाशी ठेवून कोणतं बक्षीस मिळणार आहे? पुष्कर दोन्ही बाजूंचे प्रिंटआउट काढून टेबलावर ठेवायचा आणि स्वतः कोणत्याच बाजूने बोलायचा नाही. या सगळ्यांवर अक्षयाचं एकच उत्तर होतं. "आईनं मला दीड वर्षं पाजलं. तिला जमलं, मग मला का नाही जमणार?"

हे वाक्य आलं की खांबेटे उठून काहीतरी निसायला घ्यायचे.

वरदाचं जन्माचं वजन तीन किलो शंभर होतं. ते पहिल्या आठवड्यात उतरलं आणि मग वर चढायलाच तयार नव्हतं. घरी येणारी हेल्थ व्हिजिटर जॅनेट मागच्या गुरुवारी म्हणाली होती, की पुढच्या वेळीही काटा असाच राहिला तर मुलीला हॉस्पिटलमध्ये दाखवावं लागेल. तो पुढचा गुरुवार आज होता. जॅनेट अकरा वाजता येणार होती.

खांबेट्यांनी चहा मोरीत ओतला. पातेलं घासायला घेतलं. पाठीमागे अक्षयाचं रडणं थांबलं होतं आणि वरदाचं सुरू झालं होतं. बारीक, दमलेलं रडणं. हा आवाज त्यांनी एकदा ऐकलेला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मिरजेला. सुप्रभाने शपथ घातली होती, की हे मेल्यावरसुद्धा कुणाला सांगायचं नाही. आपण मेल्यावर, की ती मेल्यावर, ते तेव्हा विचारायचं राहून गेलं होतं.

"अक्षू," ते पातेल्याकडे बघतच म्हणाले, "मी एक सांगतो. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगून व्हायचं नाही. तुला तुझ्या आईनं पाजलं नाही. पंधरा दिवस जिवाचा आटापिटा केला तिनं. नाही आलं दूध. तू डब्यावर वाढलीस."

मग नळ चालू ठेवून त्यांनी उरलेलं सांगितलं. डबा डॉक्टरांनीच लिहून दिला होता. पण खांबेट्यांच्या आईचं म्हणणं, आमच्या घरात कुणाला असं झालेलं नाही. त्यावर सुप्रभा जी गप्प झाली ती झालीच. तेव्हापासून खांबेटे डबा सांगलीहून आणायचे, मिरजेत दुकानदार ओळखीचे म्हणून. घरात आणला की साबुदाण्याच्या डब्यात ओतायचे आणि रिकामा पत्र्याचा डबा पिशवीतून डेअरीच्या भंगारात नेऊन टाकायचे. पाजायची वेळ झाली की सुप्रभा खोलीत जायची, भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पदराखाली बाटली धरायची. खांबेटे दाराशी पेपर वाचत उभे राहायचे. कुणी आलंच तर म्हणायचे, ती पाजतेय. हजारो लिटर दूध ज्याच्या हाताखालून जायचं, त्याच्या घरात आठ महिने हे चाललं होतं.

"आणि तुला सांगतो," ते म्हणाले, "तेव्हा मी तिला एकदाही म्हटलं नाही, की बस ना उघड, कोण काय म्हणतंय बघू. डबे आणत राहिलो नुसते. त्याचं फार वाईट वाटतं."

त्यांनी नळ बंद केला. अक्षयाने वरदाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मग मला का सांगायची ती, दीड वर्षं पाजलं म्हणून?"

"सगळ्यांनाच सांगायची. सांगून सांगून तिलाही खरं वाटायला लागलं असेल."

अक्षयाने डोळे पुसले आणि टेबलावरचं स्वरालीचं लीफलेट ओढून घेतलं. "यात लिहिलंय, ब्रेस्टफेड मुलांचा आयक्यू जास्त असतो. तुम्ही तर म्हणायचात, अक्षू हुशारीत आईवर गेली."

"मग गेलीच आहेस की. तीही काय कमी नव्हती, अख्ख्या मिरजेला फसवलं तिनं."

आणि अक्षया हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग चांगली मोठ्यांदा. तिच्या खांद्यावर वरदा गदागदा हलली आणि रडायची थांबून बघायला लागली. खांबेटेही हसले. मुलीला असं हसताना त्यांनी विमानातून उतरल्यापासून पाहिलं नव्हतं. हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरले, पण ते आईसाठी होते हे त्यांना कळलं. त्यांनाही तेच झालं होतं.

जॅनेट अकराला आली. काट्यावर वरदा आठवड्यात वीस ग्रॅमने वाढली होती, म्हणजे जवळजवळ नाहीच. जॅनेटने काही बोलायच्या आत अक्षयानेच सांगून टाकलं, की मला अंगावरचं चालू ठेवायचंय आणि वरून डब्याचंही द्यायचंय. हे सांगताना आता आपल्याला रागावणार अशी तिची तयारी होती. जॅनेट रागावली नाही. ती म्हणाली, की आधी पाजायचं आणि मग बाटली द्यायची, कोणता डबा घ्यायचा ते मला नियमाने सांगता येत नाही, पण द्यायचं ठरवलंत ते चांगलं केलंत. पोर तरतरीत आहे, सोमवारी पुन्हा वजन करू, हॉस्पिटलचं तेव्हा बघू. दारातून बाहेर पडताना तिने अक्षयाला मिठी मारली, आणि खांबेटे कोपऱ्यातल्या छत्र्यांकडे बघत राहिले.

डबा आणायला ते स्वतः गेले. काउंटरवरची बाई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना इथल्या पद्धतीने लाडाने 'डक' म्हणायची, तिने खांबेट्यांनाही म्हटलं. पिशवी हवी का, असं विचारलं. खांबेटे म्हणाले, "नो, नो. आय विल शो." त्यांना 'कॅरी' म्हणायचं होतं, पण बोलून गेल्यावर त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. डबा हातात धरून ते भर रस्त्याने घरी आले. वाटेत कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, याची त्यांना थोडी निराशाच झाली.

बाटल्या उकळण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लॅबमधल्या काचेच्या नळ्या जन्मभर धुतलेला माणूस. चमचा भरून त्यावर सुरीची पाठ फिरवून पावडर समपातळीत आणायची, पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून मापायचं, थेंब मनगटावर टाकून बघायचा. दुपारीच ऑफिसमधून परतलेला पुष्कर हे नुसतं पाहत राहिला. त्याने आपले दोन्ही बाजूंचे प्रिंटआउट उचलून रद्दीत टाकले आणि सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, मला पण शिकवा." पहिली बाटली खांबेट्यांनीच दिली. वरदाने दोन औंस संपवले आणि ओठाच्या कोपऱ्यात दूध तसंच ठेवून ती तीन तास झोपली. तिघंही तेवढा वेळ कुजबुजत बोलत होते. नागपूरला कळवलं. स्वरालीला अक्षयाने स्वतः फोन केला. स्वरालीने 'अगं पण' एवढं म्हटलं, मग ती बाटल्या कोणत्या घेतल्यास म्हणून विचारायला लागली.

सोमवारी जॅनेटच्या काट्यावर वरदा एकशे सत्तर ग्रॅमने वाढली होती. जॅनेटने वरदाच्या वजनाच्या लाल वहीत पेनने ठिपका दिला आणि तो चढता ठिपका तिघांनी आळीपाळीने पाहिला. हॉस्पिटलचं नाव निघालं नाही. खांबेट्यांनी जॅनेटच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला, आणि तो ताकदीसाठी असतो हे सांगता सांगता कशाची ताकद ते सांगायचं शिताफीने टाळलं.

दुपारी ऊन पडलं. अक्षयाने वरदाला वरच्या खोलीत अंगावर पाजलं, मग उरलेल्या भुकेसाठी बाटली घेऊन ती खाली आली आणि पुढच्या खोलीतल्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली. खिडकी थेट फुटपाथवर होती. खांबेटे पेपर वाचत होते. मुलीच्या हातात बाटली दिसताच ते पेपर खाली ठेवून उठले, खिडकीशी गेले आणि पडदा ओढायला लागले. अर्धा ओढून झाला तेव्हा अक्षया म्हणाली,

"राहू दे ना बाबा. ऊन छान आहे."

त्यांचा हात पडद्यावर तसाच राहिला. समोरच्या घरातला म्हातारा कुंपण कापत होता. त्याने आधी खांबेट्यांकडे पाहिलं, मग अक्षयाच्या मांडीवरच्या बाळाकडे, बाटलीकडे, आणि हातातली कात्री उंच करून हसला. खांबेट्यांनीही हात उंच केला. सुप्रभा आठ महिने भिंतीकडे तोंड करून बसली. तिला एक दिवस तरी असं बसता यायला हवं होतं.

त्यांनी अर्धा ओढलेला पडदा मागे सारला, दुसऱ्या बाजूचाही सारला, आणि वरदाचं दूध संपेपर्यंत ते तिथेच, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.