खोडू नका, खाली घ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. पेन्सिल म्हणणेही आता धाडसाचेच, कारण माझा जेमतेम बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली वीतभर होते. लाकडाच्या पट्ट्यांमध्ये लाल कांडी घालून मला चिकटवले, तासले, रंगवले. मग एका शिक्षिकाबाईंनी मला विकत घेतले. कामधंद्यासाठी परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना त्या संध्याकाळी इथली भाषा लिहायला शिकवत. मी पडले हुकमाची ताबेदार; चूक दिसली की रेघ ओढायची. 'छान' असा शेराही मीच लिहीत असे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. मला पाहून भल्याभल्यांचे चेहरे उतरत.

वर्गात एक नर्सताई होत्या. आपल्या देशात त्यांनी उभी हयात रुग्ण सांभाळले होते. इथे मात्र रुग्णालयाच्या फरशा पुसत होत्या. भाषेची लेखी परीक्षा पास झाल्या, तरच त्यांना पुन्हा रुग्णाजवळ जाता येणार होते. एकदा नापास झाल्या होत्या. आता शेवटची संधी होती.

परीक्षेत पुढच्या पाळीच्या नर्ससाठी रुग्णाची हकीकत लिहायची असे. इथल्या रीतीप्रमाणे पहिल्याच ओळीत दुखणे यायला हवे. नर्सताई लिहायच्या, 'आजोबा सुतार होते. त्यांची लेक दूर राहते. अंधारात ते घाबरतात.' छातीतल्या कळांचा पत्ता लागेपर्यंत पान संपत येई. शब्द बरोबर, वाक्ये बरोबर, तरी बाई माझ्याकडून वरचा सगळा मजकूर खोडून घेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी बाईंनी मला बाजूला ठेवले आणि विचारले, "ताई, तुमच्याकडे असंच लिहितात का हो?"

"हो बाई. आधी माणूस कोण ते सांगतात, मग दुखणं. एकदम दुखण्यावर यायचं म्हणजे माणसाला दारातच उभं करून बोलल्यासारखं वाटतं. लिहायला बसले की हात आपोआप तसाच वळतो."

"पण पुढच्या नर्सला धावपळ करायची असेल तर? तिला आधी छातीचं कळायला नको?"

नर्सताई खाली मान घालून म्हणाल्या, "हवं ना. पण मग आजोबांना खोडूनच टाकायचं का?"

बाईंनी पान आपल्याकडे ओढले. त्यांनी मला उचलले. मी मनात म्हटले, आली रेघ. पण बाईंनी त्या मजकुराभोवती चौकट काढली आणि तिथून एक बाण पानाच्या तळाशी नेला.

"खोडू नका, खाली घ्या. आधी छाती, मग आजोबा."

त्यानंतर परीक्षेपर्यंत मी बाणच काढत राहिले आणि त्यातच झिजले. नर्सताई पास झाल्या. पेढ्यासारखी बातमी घेऊन आल्या, पण सांगताना त्यांना रडू आले. बाईंनी मला त्यांच्या हातावर ठेवले. तेव्हापासून मी त्यांच्या कामाच्या कोटाच्या खिशात असते. लिहिण्याच्या कामाची मी राहिले नाही, तरी त्या मला टाकत नाहीत.

मित्रांनो, परकी भाषा लिहिणाऱ्याचा हात आपल्या भाषेतच वाढलेला असतो. त्याच्या पानावर रेघ ओढण्याआधी एवढे तरी विचारा, की तुमच्याकडे हे कसे सांगतात.

काल पाळी संपताना नर्सताईंनी एका आजींची हकीकत लिहिली. वर ताप आणि औषध. तळाशी, 'आजींना रात्री दिवा चालू लागतो.' पुढच्या पाळीची नर्स ती वाचत होती. वाचता वाचता तिने दिव्याच्या बटणावरचा हात काढून घेतला.