पुडीला कोणी औषध म्हणतं का

आधीच सांगते, मी अडाणी नाही. इथे अमेरिकेत, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षं नोकरी करते आहे. हवेत धुळीचे कण किती आहेत ते मोजायचं, आणि वाढले तर कुठून आले ते शोधून काढायचं, हे माझं काम. कुठे काही बिघडलं की मी पहिला प्रश्न विचारते, की यादीत नसलेलं काय आत आलं? टीममधली पोरं माझ्या या प्रश्नाला जाम वैतागतात. तेव्हा हे वाचून कोणी 'बिचारी उपासना' म्हणायला जाऊ नका. मला कीव नको आहे. मला माझाच इतका राग आलाय की सकाळी आरशात बघवत नाही.

माझी आई गिरजाबाई नागपूरला अंगणवाडी सेविका होती. पोलिओचा डोस पाजायला लोक पोरं बाहेर काढायचे नाहीत, तेव्हा ही बाई त्यांच्या दारात पाय रोवून उभी राहायची. शिव्या खाल्ल्या, एकदा तर अंगावर पाणी फेकलं कोणीतरी, पण वस्तीतलं एक पोर सुटू दिलं नाही तिनं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी जुन्या वळणाची, झाडपाल्यावर विश्वास ठेवणारी असेल. तशी ती अजिबात नाही.

बाबा गेल्यावर मी तिला इकडे आणली. तेव्हा तिचे हात बघवत नव्हते. संधिवातानं बोटं सुजून वाकडी झालेली, सकाळी चहाचा कप धरता यायचा नाही. नागपूरच्या डॉक्टरनं आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती, त्यानं तिला मळमळायचं आणि केस गळायचे, म्हणून तिनं ती सोडून दिली. मग लहूमामानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, कामठी रोडवरचा एक वैद्य शोधला. कागदात बांधलेली तपकिरी पूड, सकाळी कोमट पाण्यातून एक पुडी. पाकिटावर हिरवं पान छापलेलं आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं.

चौथ्या दिवशी तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. मी किचनमध्ये उभी राहून रडले होते अक्षरशः.

मग काय, पुड्या संपू द्यायच्या नाहीत हा माझा धंदाच झाला. इथे आपल्या लोकांचा एक ग्रुप आहे. 'कोणी इंडियाहून येतंय का? छोटं पार्सल आहे, वजन काहीच नाही,' असा मेसेज टाकला की कोणी ना कोणी आणतंच. कोणाच्या बॅगेत लोणचं, कोणाच्या बॅगेत आमच्या पुड्या. प्रितम, माझा नवरा, एकदा म्हणाला, "अगं, त्यात असतं तरी काय नेमकं?" मी म्हटलं, "तू रोज प्रोटीन पावडर पितोस, त्यात काय असतं ते आधी सांग." त्यानं विषय सोडला. माझ्यापुढे तो नेहमीच सोडतो, आणि मला तेव्हा ते फार आवडायचं.

हात चालायला लागल्यावर आई कशाला बसते घरात! मागच्या अंगणात तिनं अंबाडी लावायचं घेतलं. ॲरिझोनाची माती ती, दगडासारखी कोरडी. कुदळ मारली की धूर उठावा तशी धूळ उठायची. त्यात शेजारी नवीन घरं बांधायला जमीन उकरून ठेवलेली. मी म्हणायचे, "आई, मास्क तरी लाव." ती म्हणायची, "आता कोणता कोरोना आला वं?" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. ती इकडे आल्यापासूनच्या आठ महिन्यांत मी तिला इतकी खुश कधी पाहिली नव्हती. चेहरा भरला होता, गाल गोल झाले होते. येणारे-जाणारे म्हणायचे, "काकूंना अमेरिका मानवली बरं का."

ऑगस्टमध्ये तिला खोकला सुरू झाला. ताप, अंगात त्राण नाही. जवळच्या क्लिनिकला नेलं, तिथे फॉर्म भरायला दिला. 'सध्या घेत असलेली सर्व औषधं लिहा.' मी लिहिलं, बीपीची गोळी, कॅल्शियम. पुडी माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. खरंच सांगते, लपवली नाही मी. पुडीला कोणी औषध म्हणतं का? आपण हळद-दूध लिहितो का फॉर्मवर? त्यांनी न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक दिलं. फरक पडला नाही. दुसरं दिलं. त्यानंही नाही.

तिसऱ्या खेपेला एका डॉक्टरनं रक्त तपासलं आणि सांगितलं, व्हॅली फीव्हर आहे. इथल्या मातीत एक बुरशी असते. माती उकरली, वारा सुटला, की तिचे बारीक कण हवेत येतात आणि श्वासातून छातीत जातात. एकापासून दुसऱ्याला होत नाही. बहुतेक लोक आपोआप बरे होतात. "फक्त एक विचारतो," तो म्हणाला, "प्रतिकारशक्ती कमी करणारं काही घेतात का या? स्टिरॉइड वगैरे?"

मी म्हटलं, "नो." विचारसुद्धा न करता. वरून त्याला सांगितलं, की आई कुठलीही स्ट्राँग औषधं घेत नाही, नॅचरलवर असते. तो म्हणाला, "ग्रेट." थकवा जायला वेळ लागेल, महिन्यानं परत दाखवा.

या तापात सांधेही दुखतात, हे त्यानं सांगितलं होतं. आईचे पुन्हा दुखायला लागले. गुडघे, मनगटं. ती कण्हायची आणि मला ऐकवायचं नाही. मग मी काय केलं? सकाळची एक पुडी होती, ती मी दोन केल्या. पुढच्या आठवड्यात तीन. माझ्या हातानं, कोमट पाण्यात ढवळून. तिनं मागितल्या नव्हत्या. मीच म्हटलं, "घे आई, नैसर्गिक आहे, काही होत नाही."

या वाक्यासाठी मला कोणी थोबाडीत मारली तर बरं वाटेल.

सप्टेंबरच्या शेवटी तिचं डोकं दुखायला लागलं. उलट्या. एका दुपारी शाळेतून आलेल्या अनयाकडे, माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडे, बघून ती म्हणाली, "ही कोणाची पोरगी आहे?" अनया हसली, "आजी, स्टॉप इट." आईनं परत विचारलं. अनयाचं हसू गेलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

हॉस्पिटलमध्ये पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत गेली होती. संसर्गरोगांच्या डॉक्टर आल्या, डॉ. मेंडोझा, साठीच्या, बुटक्या. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिलेच नाहीत. आईच्या गालांवर हात फिरवला, दंडावरचे निळे डाग पाहिले, कातडी चिमटीत धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंडियाहून काही येतं का यांच्यासाठी? गोळी नाही म्हणत मी. पावडर, काढा, कागदातलं काहीही?"

बारा वर्षं मी जगाला विचारते तो प्रश्न! यादीत नसलेलं काय आत आलं!  मी पर्समधून पुडी काढली. हो, पर्समध्येच होती, तिथे नर्सकडून कोमट पाणी मागून द्यायची म्हणून नेली होती.

दोन तपासण्या झाल्या. रक्तात शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड जवळपास नव्हतंच, आणि लघवीत बाहेरचं सापडलं, चांगलं जबरदस्त. म्हणजे आईचे हात झाडपाल्यानं नाही, त्यानं उघडले होते. गाल गोल झाले, तेही त्यानंच. सूज दाबली आणि सोबत शरीराची राखणही दाबून टाकली. एरवी जी बुरशी छातीतच अडली असती, ती मोकाट सुटली. आणि ती सुटली असताना मी डोस तिप्पट केला. डॉक्टर असं बोलल्या नाहीत, फार चांगल्या आहेत त्या. पण मला कारणं शोधता येतात, तोच तर माझा पगार आहे.

"वाचेल का?" मी विचारलं.

"बुरशीचं औषध जन्मभर घ्यावं लागेल. डोक्यात पाणी साचतंय, ते काढावं लागेल. ते औषध किती काम करेल, मला आज सांगता येत नाही."

"आणि स्टिरॉइड?"

"एकदम बंद केलं तर जीव जाईल, शरीर स्वतःचं बनवायचं विसरलंय. चालू ठेवलं तर बुरशी ऐकणार नाही. हळूहळू कमी करू. सांधे दुखतील, खूप दुखतील. पण त्यावरची चांगली औषधं आत्ता देता येत नाहीत, तीही प्रतिकारशक्तीच कमी करतात."

मी वैद्याला फोन लावला. त्याच्या माणसानं उचलला. मी तोंडाला येईल ते बोलले, आयुष्यात कोणाला दिल्या नाहीत अशा शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्याकडे हजारो पेशंट आहेत, कोणाची तक्रार नाही," आणि फोन ठेवला. लहूमामाला सांगितलं तर तो म्हणाला, "बापा! अमेरिकेच्या डॉक्टरले काय समजते? ताईचे हात तर बरे झाले होते ना?" मी त्याच्यावरही ओरडले. मग तो रडायला लागला. म्हातारा माणूस, त्याच्या बहिणीसाठीच केलं होतं त्यानं. मी सॉरी म्हटलं आणि कारमध्ये बसून राहिले.

डोस कमी होत गेला तशी आईची बोटं परत सुजली. आधीपेक्षा वाईट. चादर अंगावर ओढली तरी ती किंचाळायची. डोक्यातलं पाणी काढायला नळी बसवली, त्यानंतर ती थोडी भानावर आली, म्हणजे मला ओळखायची. पण समजावलेलं टिकायचं नाही. मी रोज सांगायचे, आई, त्या पुडीत भेसळ होती, त्यानंच हे झालं. ती मान डोलवायची. दहा मिनिटांनी परत, "एक पुडी दे ना वं माय. हात फुटून राहिले माहे."

"नाही देता येत आई."

"काहून? तुले नाही येत का माही दया?"

 प्रितमनं एकदा प्रयत्न केला, "आई, डॉक्टरांनी मना केलंय." ती म्हणाली, "डॉक्टर तर दे म्हणतील, हीच नाही देत." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून ओरडले. दुसरं काही करता येत नव्हतं.

मागच्या मंगळवारी सकाळी हॉस्पिटलनं दुभाषी लावला. आतापर्यंत मीच सगळं सांगत होते, पण नियम आहे म्हणे, पेशंटशी बोलताना घरच्यांनी भाषांतर करायचं नाही. नर्सनं स्क्रीन असलेला स्टँड ढकलत आणला. त्यावर एक मराठी बाई, हेडफोन लावलेली, पुण्याकडची असावी. "नमस्कार गिरजाबाई," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या आईचा चेहरा उजळला.

"जय भीम, जय भीम," आई म्हणाली. "बाई, तुम्ही तरी ऐका माहं."

नर्सनं विचारलं, दुखणं किती आहे. आईनं सांगितलं. जेवण जातं का. सांगितलं. मग नर्स कागदावर बघत पुढचा प्रश्न बोलली. तो सगळ्यांनाच विचारतात, मलाही अनयाच्या बाळंतपणात विचारला होता, मी तेव्हा हसले होते. स्क्रीनवरच्या बाईनं तो मराठीत केला. "गिरजाबाई, तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का? घरी कोणी तुम्हाला त्रास देतं का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं रोखून, ओळखून पाहिलं.

"देते ना," ती म्हणाली. "पोरगी देते. माहं औषध लपवून ठेवलं तिनं. मी रडतो तर पाहत बसते. मले तिच्या घरी नका पाठवू, बाई."

 स्क्रीनवरच्या बाईनं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. तिचं कामच ते. मी म्हटलं, "थांबा, ते तसं नाहीये, डॉक्टर मेंडोझांना विचारा," तर नर्स अगदी मऊ आवाजात म्हणाली, की मी थोडा वेळ बाहेर थांबले तर बरं होईल. त्यांना आईशी एकटीशी बोलायचं आहे. तिचंही चुकलं नाही, मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मी पर्स उचलली. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिनं ती सुजलेली बोटं नर्सच्या हातावर टेकवली होती, इतकं दुखत असूनही. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. दार पूर्ण लागलं नव्हतं.

"अशी नव्हती वं माही उपासना आधी," आई सांगत होती. "फार जीव लावे मले."

मग त्या बाईनं ते इंग्रजीत सांगितलं.