तीनाचा आठ

दातांच्या डॉक्टरांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं आणि मग बंदुका. चहा त्यानंतर, तोही डॉक्टरांची बायको मध्ये पडली तर.

बैठकीच्या लांब भिंतीवर जुन्या लष्करी रायफली एकीखाली एक अशा आडव्या टांगलेल्या होत्या. सगळ्यांच्या नळ्या नियमाप्रमाणे आतून कायमच्या बुजवलेल्या, तेव्हा गोळी सुटण्याचा प्रश्नच नव्हता. सुटायचं ते डॉक्टरांचं तोंड. हा दस्ता बघा, अस्सल अक्रोडाचा. हा ओरखडा बघा, कुणा सैनिकाने खंदकात बसून कंटाळून पाडलेला असणार. पाहुणा बिचारा मान डोलवायचा. येणाऱ्यांतले बरेचसे डॉक्टरांचे पेशंट असत, आणि ज्याच्या हातात उद्या जबडा द्यायचा त्याच्यासमोर आज जांभई देणं बरं दिसत नाही.

मधली रायफल मात्र डॉक्टर पटकन दाखवून पुढे सरकत. खरं तर भिंतीवरची ती सगळ्यात देखणी आणि सगळ्यात जुनी. पण तिच्यात एक खोट होती, आणि ती खोट डॉक्टरांना दाढेत अडकलेल्या तंतूसारखी रात्रंदिवस टोचत होती.

खोट काय ते नीट समजून घ्यायला हवं. रायफलीला मागच्या बाजूला एक दार असतं म्हणा ना. ते उघडायचं, गोळी आत ठेवायची, दार लावायचं. या सरकत्या पोलादी दाराला बोल्ट म्हणतात. कारखान्यात रायफल तयार झाली की नळीवर एक नंबर ठोकायचे आणि तोच नंबर तिच्या बोल्टवरही. दोघांची जन्मगाठच ती. पण लष्करी गोदामात बोल्ट काढून वेगळ्या पेटीत ठेवायची पद्धत होती, म्हणजे चोराने रायफल पळवली तरी हातात नुसता दांडका यावा. पुढे या रायफली भंगारात निघाल्या, तेव्हा विकणाऱ्याने पेटीत हात घालून जो बोल्ट हाती लागला तो जी रायफल समोर आली तिला बसवून दिला. ज्यांना रायफल भिंतीवर टांगायची त्यांना काय फरक पडतो? पण जमवणाऱ्या माणसाला पडतो. त्याच्या लेखी नंबर जुळणारी रायफल म्हणजे सौभाग्यवती, आणि न जुळणारी म्हणजे लोखंड.

डॉक्टरांच्या मधल्या रायफलीच्या नळीवरचा शेवटचा आकडा इंग्रजी आठ होता. बोल्टवरचा इंग्रजी तीन. बाकीचे आकडे तंतोतंत तेच.

"एवढ्याशा आकड्यासाठी झोप घालवता," बायको म्हणायची. "माझा वाढदिवस विचारला तर महिना चुकतो तुमचा."

"तुझ्यावर नंबर ठोकलेला नाही ना," डॉक्टर म्हणायचे.

आठाचा बोल्ट मिळावा म्हणून त्यांनी काय नाही केलं? परदेशी व्यापाऱ्यांना पत्रं लिहिली, भंगारवाल्यांच्या ओळखी काढल्या, लिलावांत तासन्‌तास बसले. एकाच ठिकाणी त्यांनी कधी पाहिलं नाही, ते म्हणजे साडूच्या घरी. धाकट्या मेहुणीचा नवरा इमारतींची कंत्राटं घ्यायचा. डॉक्टरांनी रायफल आणली, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानेही त्याच दुकानातून तशीच एक आणली, कारण धाकटीचं म्हणणं पडलं की ताईकडे आहे तर आपल्याकडेही असू द्या. आणल्या आणल्या त्याने तिच्या दस्त्याला सुताराकडून झकास पॉलिश मारून घेतलं. दाराच्या चौकटीसारखी चकाकायला लागली. डॉक्टरांनी ती लांबूनच पाहिली, डोळे मिटून घेतले आणि पुन्हा त्या भिंतीकडे म्हणून पाहिलं नाही. दर सणासमारंभाला तिच्याकडे पाठ करून ते जेवत, आणि जेवता जेवता साडूला ऐकवत की आठ आकड्याचा बोल्ट या जगातून नाहीसा झालेला दिसतो.

जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन भरे, आणि सभागृहाच्या मधोमध एक काचेचं कपाट ठेवलेलं असे. त्यात फक्त एक रायफल, जिचे सगळे नंबर जुळतात ती. तिच्या मालकाने दिवसभर त्या कपाटाशेजारी हात मागे बांधून उभं राहायचं, एवढाच काय तो मान. पण त्यासाठी माणसं जीव टाकत. मंडळाचे अध्यक्ष पूर्वी न्यायाधीश होते. कुणी नंबराशी खोटेपणा केला तर त्याला मंडळातून काढून टाकावं, असा ठराव मध्यंतरी झाला होता, आणि त्यापायी एका औषधांच्या दुकानदाराला घरी जावं लागलं होतं. ठराव डॉक्टरांनीच मांडला होता. भाषण इतकं कडक झालं की टाळ्या थांबेनात.

या वर्षी डॉक्टरांची साठी उलटली. प्रदर्शन तोंडावर आलं. एका दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हता, आणि डॉक्टर तो तीनाचा बोल्ट उगाच पुसत बसले होते. पुसता पुसता त्यांच्या मनात आलं की इंग्रजी तीन म्हणजे डावीकडून उघडा राहिलेला आठच की. दोन छोट्या कमानी जोडल्या की झालं. आयुष्यभर आपण याहून अवघड नक्षी लोकांच्या दाढांत कोरली, तीही जीभ मध्ये येत असताना. इथे जीभ नाही, थुंकी नाही, आरडाओरडा नाही.

त्यांनी दाढ कोरायचं सगळ्यात बारीक टोक, म्हणजे बर, लावला आणि मशीन सुरू केलं. काम पाच-दहा मिनिटांचं होतं. वर थोडं तेल आणि काजळी चोळल्यावर आठ असा दिसू लागला की जणू आईच्या पोटातून आठच म्हणून आला होता. डॉक्टरांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट वाटलं की कारखान्यातल्या कुणा कामगाराची चूक आपण सुधारली.

अध्यक्षांनी घरी येऊन रायफल पाहिली, नंबर वाचले, डॉक्टरांचा हात हातात घेतला. काचेचं कपाट ठरलं.

आणि मग रविवारी सकाळी साडू आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, आणि चेहऱ्यावर असं हसू की बायको आतूनच म्हणाली, "भावोजी, पेढे आणलेत वाटतं."

"पेढ्यांच्या वरचं आहे ताई. डॉक्टर, बसा आधी. बसलात? आता उघडा."

डॉक्टरांनी कागद उलगडला. आत बोल्ट होता. शेवटचा आकडा आठ.

"काय झालं," साडू सांगू लागला, "मीही यंदा मंडळात नाव घातलं. म्हटलं आपली पण एक मांडू कोपऱ्यात. म्हणून काल पहिल्यांदा नंबर बघितले. नळीवर शेवटी तीन, बोल्टवर आठ, बाकी आकडे सारखे. मी म्हटलं, हा आठ कुठेतरी ऐकलाय. अहो, दर जेवणाला ऐकतोय! दुकानदाराने आपल्या दोघांचे बोल्ट अदलाबदल करून दिलेत. हा तुमचा घ्या, माझा द्या, आणि ताई, आता तरी चहा टाका."

डॉक्टर हातातल्या बोल्टकडे बघत होते. खरा आठ होता तो. कडा किंचित बोथट, तळाशी गंज, कारखान्यातल्या ठशाने ठोकलेला. ज्याच्यासाठी त्यांनी अर्धं जग पालथं घातलं, तो आपण होऊन घरी चालत आला होता, आणि त्याला बसायला जागा नव्हती. कारण याच्या बदल्यात साडूला द्यायचा तीन आता या जगात उरला नव्हता.

सरळ सांगता आलं असतं. साडू हसला असता, फार तर चार दिवस. पण मग कपाट? तो ठराव? ते भाषण?

"मला वाटतं," डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुमची फसवणूक झाली आहे." त्यांनी उठून मधली रायफल खाली घेतली आणि बोल्ट दाखवला. "हा बघा. खरा आठ मला मध्यंतरी मिळाला, आणि जुना तीन मी भंगारवाल्याला देऊन टाकला."

साडूने आठ पाहिला. आपला आठ पाहिला. पुन्हा डॉक्टरांचा पाहिला. "मग हा?"

"बनावट. बाजारात असे फार येतात."

साडूचं हसू हळूहळू उतरलं. "तरीच," तो म्हणाला. "मला वाटलंच, इतकं सरळ कसं होईल. आणि मी तुमच्या हातात हा नकली द्यायला निघालो होतो. प्रदर्शनात तोंड काळं झालं असतं तुमचं, माझ्यामुळे." त्याला खरोखर लाज वाटली. कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "माफ करा हां, साडूबुवा."

"असू द्या, असू द्या," डॉक्टर म्हणाले.

चहा आला. साडूने तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि विचारात पडला. कंत्राटदार माणूस, डोकं लगेच दुरुस्तीकडे वळलं. "डॉक्टर, एक विचारू? हा नकली आहेच, तर याचा तीन करून द्या ना मला. तुमच्याकडे मशीन आहे, हात आहे."

"छे. नंबर बदलणं हे आमच्यात पाप समजतात."

"अहो, खऱ्याचा बदलला तर पाप. जो आधीच खोटा आहे त्याला कसलं पाप? पडक्या भिंतीला कुणी भोक पाडू नका म्हणतं का?"

"द्या की करून," बायको म्हणाली. "एवढ्या मायेने आलेत भावोजी. लोकांचे दात काढता फुकटात, यांचा एक आकडा होत नाही?"

डॉक्टरांनी खूप शोधलं, पण नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही. जे होतं ते सांगता येत नव्हतं.

दवाखाना खालच्याच मजल्यावर होता. साडू हौसेने पेशंटच्या खुर्चीत बसला आणि बोल्ट दोन्ही हातांनी छातीशी धरून राहिला. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. तीनाचा आठ करायला कोरावं लागतं. आठाचा तीन करायला भरावं लागतं. दोन्ही कामं दातांच्या डॉक्टरांची. त्यांनी डावीकडच्या दोन कमानी धातूच्या मसाल्याने भरल्या, घट्ट दाबल्या आणि सुकायला ठेवल्या. मग बरने पृष्ठभाग सारखा करू लागले. प्रत्येक फेरीला त्यांचा स्वतःचा आठ थोडा थोडा नाहीसा होत होता. एवढा वेळ लावून त्यांनी कुणाची दाढ भरली नव्हती.

"दुखत नाही ना त्याला?" साडू म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मग वाकून बघत हळू आवाजात म्हणाला, "काय हात आहे हो तुमचा. देवाशपथ, कुणी ओळखणार नाही."

"कुणाला बोलू नका मात्र," डॉक्टर म्हणाले. "माझं नाव कुठे नको."

"बरं बरं," साडू म्हणाला. त्याला ते फार आवडलं. इतकं मोठं काम करायचं आणि नाव नको म्हणायचं, अशी माणसं हल्ली राहिली कुठे?

प्रदर्शनाच्या दिवशी डॉक्टर काचेच्या कपाटाशेजारी हात मागे बांधून उभे होते. नवा कोट होता. लोक येत, वाकून बघत, अभिनंदन करत. बायकोही आली होती, बहिणीबरोबर. साडूची चकाकती रायफल कोपऱ्यातल्या टेबलावर होती, दाराजवळ.

अध्यक्ष टेबलं बघत बघत तिथे पोचले. पॉलिश पाहून त्यांनी नाक मुरडलं, पण रीत म्हणून नंबर पाहिले आणि थबकले. "याचेही जुळतात की."

साडूने सरळ सांगून टाकायचं ठरवलं. एक तर त्याला खोटं पचत नसे. दुसरं म्हणजे, एवढ्या गुणी माणसाचा गुण झाकून ठेवणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"जुळवलेत साहेब," तो म्हणाला, आणि कंत्राटदाराचा आवाज तो, सभागृहभर गेला. "बोल्ट नकली होता, शेवटी आठ होता. आमच्या डॉक्टरांनी त्याचा तीन करून दिला. दाताच्या मशीनवर! स्वतः नाव नको म्हणाले, पण मी फुकटचं श्रेय कशाला घेऊ? बघा, भिंग लावून बघा. ओळखू येतो का?"

अध्यक्षांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "अजिबात ओळखू येत नाही."

मग त्यांनी मान वर केली. टेबलाकडे नाही, साडूकडे नाही, सभागृहाच्या मधोमध पाहिलं. आठ आणि तीन, असं काहीतरी ते स्वतःशी पुटपुटले. भिंग खिशात न ठेवता ते चालू लागले, आणि लोक आपोआप बाजूला होत गेले.

"वा डॉक्टर," वाटेत कुणीतरी म्हणालं. "छुपे रुस्तम निघालात."

अध्यक्ष कपाटापाशी आले. न्यायाधीश असताना बोलत असतील तितक्याच शांतपणे ते म्हणाले, "डॉक्टर, जरा उघडता?"

डॉक्टरांनी कोटाचे खिसे चाचपले. "किल्ली," ते म्हणाले, "घरी राहिली बहुतेक."

"घरी कशी राहील?" बायको लगबगीने पुढे आली आणि पर्स उघडू लागली. "तुम्ही विसरणार हे ठाऊक होतं मला. म्हणून मीच घेऊन आले."