सांत्वनाची पत्रं

ओझेलाने सांत्वनपत्रांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला, पर्समधून जांभळ्या फुलांचं एक कार्ड काढलं आणि वरून चौथ्या जागी सारलं. भाचीला आलेलं राज्य सरकारचं एक पत्र काल दुपारी तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात या कार्डावर उतरवून घेतलं होतं, शब्दाला शब्द. मूळ कागदावरची मुद्रा पाहून पहिल्या बाकावरचा तो माणूस सावध झाला असता.

एकतीस वर्षं ओझेला गिलियड ग्रोव्ह चर्चची चिटणीस आहे. अंत्यविधीला आलेली पत्रं तिने वाचायची आणि प्रत्येक पत्रामागे सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं, हा आमचा रिवाज. आज शवपेटीत तिची सख्खी भाची होती. शॉन्डेल, सव्वीस वर्षांची, पदरात साडेतीन महिन्यांची पोर.

मिसिसिपीत तेव्हा बाळंतिणीचा सरकारी विमा साठ दिवस चालायचा. एकसष्टाव्या दिवशी दम लागला तर तुमचं तुम्ही बघा. शॉन्डेलला तो सत्तराव्या दिवशी लागला. पाय सुजले, पाठीवर पडून झोपता येईना. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने तिचं विम्याचं कार्ड परत सरकवलं आणि पुढच्याला बोलावलं. कॅटफिश मासे सोलायच्या कारखान्यात ती नुकतीच लागली होती, तिथला विमा तीन महिन्यांनी सुरू होणार होता. तोवर काढते कळ, म्हणाली. बाळंतपणात हृदय कमजोर झालं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं ते ती गेल्यावर.

हा विमा साठ दिवसांऐवजी वर्षभर चालावा असं विधेयक आलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. ते ज्या समितीपुढे गेलं तिचा अध्यक्ष आमच्याच भागाचा आमदार, गार्लंड प्रुएट. दोन्ही वेळा त्याने ते मतदानाला येऊच दिलं नाही. आणि आता निवडणूक तीन आठवड्यांवर आली म्हटल्यावर हा गृहस्थ काळा सूट घालून पहिल्या बाकावर बसला होता. आमच्यात तो एकटाच गोरा, आणि सगळ्यांचे हात हातात घेऊन दाबत होता. काय म्हणावं अशा माणसाला.

पास्टर टॉलिव्हर खोलीत डोकावले. ओझेलाचा चेहरा त्यांना ओळखीचा होता. प्रुएट आपल्या भागाला फिरता दवाखाना द्यायचं म्हणतोय, आज जिभेला आवर घाल, निदान मर्लीनकडे तरी बघ, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं.

"मी त्यांना एक शब्द बोलणार नाही, पास्टर," ओझेला म्हणाली. खोटं नव्हतं ते.

भीती तिला मर्लीनचीच होती. मर्लीन तिची धाकटी बहीण, शॉन्डेलची आई. जन्मभर खाली मान घालून जगलेली बाई. लेक गेली त्या दिवशीसुद्धा देवाची मर्जी म्हणून गप्प बसली. लेकीच्या शेवटच्या दिवशी तमाशा केला तर ही आयुष्यात आपलं तोंड बघणार नाही, हे ओझेलाला पक्कं ठाऊक होतं. न बघू दे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गाणं संपलं. ओझेला माइकपाशी आली.

"आज पेटीत माझं घरचं माणूस आहे," ती म्हणाली. "माझ्याच्यानं वाचवणार नाही. प्रुएटसाहेब मुद्दाम आलेत आपल्यासाठी. त्यांनी वाचावीत."

एवढा मान मिळाल्यावर कोण नाही म्हणेल? प्रुएट कोटाचं बटण लावत उठला. पहिलं पत्र कारखान्यातल्या बायकांचं, दुसरं महिला मंडळाचं, तिसरं शिकागोच्या चुलतभावाचं. मेला वाचत मात्र छान होता. प्रत्येक पत्रामागे आमेन उठत होतं आणि त्याचा आवाज आणखी भरदार होत होता. त्याने चौथं उचललं.

"प्रिय शॉन्डेल ब्रॅझिल, प्रसूतीनंतरचे साठ दिवस पूर्ण झाल्याने आपला आरोग्य विमा बंद होत आहे. त्यानंतरच्या उपचारांचा खर्च दिला जाणार नाही. निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो."

मागच्या बाकांवरून सवयीने दोन-चार आमेन आले आणि तोंडातल्या तोंडात विरले. हातातले कागदी पंखे थांबले.

प्रुएटने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. त्याची मान कॉलरपासून लाल होत गेली. ओझेलाला अगदी बरं वाटलं, वाटलं होतं त्याहूनही बरं. त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं, घेतलं.

काहीतरी घोटाळा झालाय, असं पुटपुटत तो खाली उतरायला लागला. तेवढ्यात मर्लीन उठली. नातीला खांद्यावर घेऊन ती सरळ पुढे चालत आली. ओझेलाने बहिणीचा दंड धरला.

"माझं चुकलं असेल तर घरी बोल मला."

"ओझी, खाली बस," मर्लीन म्हणाली. मग ती प्रुएटकडे वळली. "साहेब, पत्र हिच्या आईचं आहे. हिला वाचून दाखवा."

प्रुएटने पोरीकडे पाहिलं.

"बाळ झोपलंय, मॅडम."

"हो. उठेल की."

एवढं बोलून मर्लीन त्याच्या बरोबर समोर, त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर बसली आणि पोरीला मांडीवर आडवं घेतलं. पास्टर अर्धवट उठले. मर्लीनने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तसे ते पुन्हा बसले. दाराशी उभ्या असलेल्या पांढऱ्या हातमोज्यांच्या दोघी स्वयंसेविका न सांगता दाराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

पंखे पुन्हा हलायला लागले, संथपणे. कोणी बूट सैल केले, कोणी पाठ टेकली. आमच्याकडे अंत्यविधी चार-चार तास चालतात, घाई कोणालाच नसते. प्रुएट कार्ड हातात धरून उभा होता.

ओझेलाने घड्याळाकडे पाहिलं. पोरीला पोटभर बाटली पाजून अजून पंधरा मिनिटंही झाली नव्हती.