बंद साच्यापुढचा मास्तर

गिरणीतली कायमची नोकरी सोडून आमचे हे परळच्या नव्या शाळेत पोरांना साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवायला शिकवायला निघाले, तेव्हा मी यांच्याशी धड बोलतसुद्धा नव्हते. सुखाची नोकरी कोण सोडतं? करी रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीने मला हाच प्रश्न विचारला.

पहिल्याच दिवशी डबा घरी विसरले. विसरणारच! धुसफुसत मीच घेऊन गेले.

दारातून बघते तर काय, हे बंद साच्यापुढे उभे. हात हलतायत, ओठ हलतायत आणि तोंडातून आवाज म्हणून नाही! पोरं एकमेकांकडे बघतायत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात याच माणसाची घोषणा सगळ्या लालबागला ऐकू जायची.

मग माझ्या ध्यानात आलं. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात कितीही ओरडा, काही ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलतात. साचा समोर आला की यांचा आवाज आपोआप बंद. इतक्या वर्षांची सवय.

"अहो मास्तर, साचा बंद आहे! मोठ्याने बोला की!" मी दारातूनच ओरडले.

पोरं खो खो हसली. हे कानापर्यंत लाल झाले. मग माझ्याकडे बघून यांनी नुसते ओठ हलवले, 'जाऊ नकोस. थांब थोडी.'

पोरांना काही कळलं नाही. पण लग्नाआधी मीही गिरणीतच कामाला होते.

राग होताच. तरी डबा मांडीवर घेऊन मी शेवटच्या बाकावर बसले.