माझ्या जागी नवा बसला ती सकाळ

मी क्लचचा मास्टर सिलिंडर बोलतोय. नाव भारदस्त, काम साधं. पेडल दाबलं की पोटातलं तेल नळीतून पुढे रेटायचं, म्हणजे क्लच सुटतो आणि गिअर पडतो. कारखान्यातून थेट या व्हॅनमध्ये आलो आणि जन्मभर एकाच डाव्या पायाची चाकरी केली.

तो पाय बाबांचा, म्हणजे या घरातल्या मुलीच्या वडिलांचा. बाबा पूर्वी मालवाहू गाडी चालवायचे. माणूस देवासारखा, पण पाय आगाऊ. पेडल पुरतं दाबलं की लगेच थोडं सैल सोडायची त्यांना खोडच. माझं तेल अडवणारं रबरी सील झिजलं त्यात त्या पायाचा वाटा नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

काल माझं सगळं तेल गळालं. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही, आणि मुलीच्या आईचा जीव टांगणीला लागला. तिला डायलिसिससाठी डोंगराखालच्या दवाखान्यात न्यावं लागतं. मागची खेप रस्ता खचल्यामुळे चुकली होती. पाय सुजले होते, आडवं झालं की दम लागत होता. आजचीही चुकली तर काय, हे घरात कोणी बोलत नव्हतं. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, मिस्त्री उद्या येणार.

मिस्त्रीला फोनवर विचारत विचारत मुलीने मला खोलून काढलं आणि नवा बसवला. दिसायला थेट मीच, फक्त चकचकीत. मला राग आला, खोटं कशाला बोलू? चाकाशेजारच्या फडक्यावर पडून मी बघत राहिलो.

आता नळीतली हवा काढायची होती; ती राहिली की पेडलला जोरच येत नाही. मुलगी गाडीखाली निपलपाशी, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूपाशी शिरली, बाबा पेडलवर पाय ठेवून बसले.

"बाबा, दाबून धरा. मी निपल परत आवळेपर्यंत पाय उचलू नका."

तेलातून बुडबुडे निघाले. पण निपल आवळायच्या आधीच बाबांचा पाय सैल झाला आणि हवा परत आत शिरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"बाबा, धरा ना. तेल संपत आलंय."

"धरलंय की गं."

त्यांना खरंच वाटत होतं, धरलंय. पाठीमुळे त्यांना गाडीखाली शिरता येईना, नाहीतर दोघांनी जागा बदलल्या असत्या. बाटलीत तळाशी तेवढं तेल उरलं. मला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर फुटला असता.

भिंतीला धरत धरत आई बाहेर आली.

"अहो, उतरा. मी बसते."

"तू? तुला क्लचचं पेडल कुठलं हे तरी ठाऊक आहे का?"

"नाही. म्हणूनच म्हणते. मला सवयच नाही, तर सुटेल कसं?"

बाबा उतरले. त्यांनीच तिचा सुजलेला पाय उचलून पेडलवर ठेवला.

"दाब, आई."

आईने दाबलं. तिला धाप लागली, बाबांनी तोंड फिरवलं. पाय मात्र जागचा हलला नाही. मुलगी "सोड" म्हणाली तेव्हाच तिने सोडला. असं करता करता बुडबुडे थांबले, नुसतं तेल आलं आणि पेडल आपणहून वर आलं.

बाबांनी गिअर टाकला. पडला. तिघं निघून गेली.

मी इथेच आहे. नव्या भावा, माझा राग गेला. उतार मोठा आहे, त्या आगाऊ पायाला सांभाळून घे. मला खुशाल भंगारात टाका, तक्रार नाही. पण त्याआधी गाडी परत येऊ दे, आणि तिघं उतरताना तिची तिन्ही दारं उघडलेली मला ऐकू येऊ देत.