हळदू आणि शिसव

कृष्णातने रंध्याच्या पात्यावर फुंकर मारली आणि रंधा पुन्हा फळीवर टेकवला. पिवळी पातळ साल गुंडाळत बाहेर आली, पायाशी पडली. हळदूचं लाकूड नावाप्रमाणेच हळदीच्या रंगाचं. पाटणकडच्या एका दोस्ताने दोन फळ्या एसटीतून पाठवल्या होत्या. शेजारी शिसवाची एक काळपट फळी आडवी पडली होती.

अंबूबाई चहा घेऊन शेडमध्ये आली. कप स्टुलावर ठेवून तिने शिसवावर हात ठेवला.

“ही फळी सूरजच्या खोलीच्या दारासाठी आणली हुती.”

“व्हय.”

“मग?”

“चार वर्सं नुसती पडून हाय.”

तिने पदराने फळीवरची धूळ पुसली आणि ती घराकडे वळली. नऊ दिवसांत नवऱ्याशी ती एवढंच बोलली होती.

नऊ दिवसांपूर्वी कृष्णातने जेवताना विषय काढला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा सूरज चार वर्षांपूर्वी कराडच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा त्याची बायको संयोगिता पंचवीस वर्षांची होती. माहेरच्यांनी न्यायला गाडी आणली, ती गेली नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर लागली. सकाळच्या एसटीने जायची, दिवेलागणीला परतायची आणि आल्या आल्या अंबूबाईच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसायची. तासगावच्या जयराजचं स्थळ कृष्णातच्या फौजेतल्या मित्राने सुचवलं. त्याची द्राक्षबाग होती, बेदाण्याचं शेड होतं. पहिलं लग्न वर्षाच्या आत मोडलं होतं. दवाखान्याच्या कँटीनमध्ये दोघं दोनदा भेटले. तो आवडला असं संयोगिता बोलली नाही, पण तिच्या उत्तरावरून कृष्णातला ते कळलं.

“आत्या हो म्हणल्या तरच,” ती म्हणाली होती. सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्याला मामा.

अंबूबाई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ताटात अर्धी भाकरी ठेवून उठली.

दुसऱ्याच दिवशी कृष्णातने हत्यारं बाहेर काढली. बावीस वर्षं त्याने फौजेत सुतारकाम केलं होतं. दारूगोळ्याच्या पेट्या, बराकींचे दरवाजे, मेसची टेबलं. तिथे पेटी मजबूत लागायची, देखणी कुणी मागितली नव्हती. संयोगितासाठीची ही पेटी त्याला देखणी करायची होती. चार बाजू शिसवाच्या, कोपऱ्यांत दाते एकमेकांत अडकवलेले, आणि झाकणावर काळ्या-पिवळ्या पट्ट्या अशा जोडलेल्या, की मधे केससुद्धा जाऊ नये. लेकीला लग्नात रुखवतावर मांडायला बाप देतो, तशी.

दोन लाकडं मात्र एकमेकांशी जुळवून घेईनात. हळदू पटाशीखाली लोण्यासारखं कापायचं. शिसव अडून बसायचं. शेवटच्या कोपऱ्याला त्याचा हात घसरला आणि शिसवाचा एक दाता मुळापासून तुटून बाकाखाली उडाला. कृष्णात खाली वाकला, तुकडा शोधला, तळहातावर घेऊन तसाच बसून राहिला.

खांद्याला पर्स तशीच लटकवलेली संयोगिता दारात उभी होती.

“तुटलं?”

“म्हातारा झालो बघ.”

तिने तुकडा हातात घेतला, मूळ जागी धरून बघितला. नेमका बसत होता.

“सरस लावला तर कळणारबी न्हाई, मामा.”

“मला कळंल की.”

ती हसली नाही. बाकाच्या कडेला टेकली. पट्ट्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, एक काळी, एक पिवळी. तिने एकीवर बोट फिरवलं.

“आत्या काय बोलल्या का?”

“न्हाई.”

“मग ही कशाला करताय?”

“पेटी कराय कुणाची परवानगी लागत न्हाई.”

तिने पर्स खुंटीला अडकवली, पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि पट्टी घासायला लागली. मग मान वर न करता तिने विचारलं,

“मी गेले तर त्यांच्या गुडघ्यांना तेल कोण लावणार?”

“मी. बावीस वर्सं बंदुकीला तेल लावलंय. गुडघा काय अवघड हाय?”

आता ती हसली, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसले. लाकडाची पूड गालाला लागली. कृष्णातने तुटलेल्या दात्याला सरस लावला आणि शिकंजा आवळताना तिला दुसरीकडून धरायला सांगितलं.

पेटी तयार व्हायला अजून आठवडा गेला. अंबूबाई रोज चहा आणून ठेवायची आणि बघितलं न बघितलंसं करून जायची. संयोगितानेही परत विचारलं नाही. एकदा जयराजचा फोन वाजताना कृष्णातने ऐकला; तिने उचलला नाही, मोबाईल पालथा घातला.

शनिवारी दुपारी त्याने फडकं जवसाच्या तेलात बुडवून झाकणावर फिरवलं. शिसव ओल्या काळ्या मातीसारखं झालं आणि त्याच्या शेजारी हळदू उजळून आलं. चिकटवलेला दाता त्याला अजून दिसत होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

अंबूबाई कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. तिने पेटीभोवती एक फेरी मारली. झाकण उघडलं, मिटलं. मग खाली बघत म्हणाली,

“बूड जमिनीला टेकतंय.”

“पेटीचं बूड टेकणारच.”

“पाय लावा हिला.”

“आता? तेल लावल्यावर?”

“त्यांच्या मधल्या खोलीत ओल हाय. भिंती वीतभर काळ्या पडल्यात.”

कृष्णातच्या हातातलं फडकं थांबलं.

“कुणाच्या?”

“घराच्या मागनंच कालवा जातोय. पाणी सुटलं की ओल चढती म्हणं.” तिने झाकणावरचा नसलेला कण नखाने काढला.

“तू तासगावला कवा गेल्तीस?”

“मंगळवारी. तुमी उसाला पाणी पाजाय गेल्तासा तवा. बेदाणं बघाय आलीया म्हणून सांगितलं. अर्धा किलो घ्यावंच लागलं.”

“आणि?”

“त्येच्या आईनं च्या केला. ऊन हाय, मधल्या खोलीत टेका म्हणली. तेवढ्यात पोरगा शेडातनं आला. आईचं जेवणाचं ताट तसंच पडल्यालं, त्येनं सोता उचलून मोरीत ठेवलं. आदी वाटलं, मला दाखवाय करतोय. पर मी कोण, ते त्येला कुठं ठावं हुतं?”

तिने तोंड फिरवलं की पुढे विचारायचं नाही, एवढं चाळीस वर्षांच्या संसारात कृष्णात शिकला होता. त्याने हळदूचा उरलेला तुकडा बाकावर घेतला, काटकोन बघायला गुण्या लावला, पेन्सिल उचलली.

“दोन बोटं बास व्हतील?”

“चार करा.”

तो चार बोटांवर खूण करायला लागला. अंबूबाई बाकाच्या पलीकडे गेली आणि तिने दोन्ही हातांनी लाकडाचं दुसरं टोक घट्ट दाबून धरलं.

“चारी सारखं कापा,” ती म्हणाली. “पोरीच्या घरात डुगडुगाय नको.”